गाळाकडून विजेची अपेक्षा

दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी तो व्हिडिओ पाठवतंच. काचेची बरणी, बरणीत काळपट गाळ, त्यातून निघालेल्या दोन तारा आणि तारांच्या टोकाला मिणमिणणारा इवलासा एलईडी. खाली ओळ : 'सांडपाण्यातून वीज! जरूर पाहा.' आणि मी आमच्या सोसायटीच्या एसटीपीचं काम बघतो (वार्षिक सभेला गैरहजर राहिलेल्याला जे मिळतं ते काम) हे नात्यात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "काका, मग तुम्ही जिन्यातले दिवे यावर का नाही लावत?"

फोनवर हे सगळं सांगता येत नाही, सांगायला लागलो की समोरचा जेवायला बसतो. म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे, व्हिडिओ खोटा नाही. गोष्ट खरी आहे आणि जुनीही आहे. इंग्लंडात डरहॅम विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पॉटर यांनी १९११ साली यीस्ट आणि जीवाणूंपासून थोडासा विद्युतप्रवाह मिळवून दाखवला होता. तेव्हा त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग १९८७मध्ये अमेरिकेत डेरेक लव्हली यांना पोटोमॅक नदीच्या चिखलात जिओबॅक्टर नावाच्या कुळातला एक जीवाणू सापडला आणि पुढे या विषयाला खरे पाय फुटले.

हा जिओबॅक्टर भलताच मजेशीर गृहस्थ आहे. आपण खातो, त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी कुठेतरी टाकावे लागतात, आपण ते ऑक्सिजनच्या गळ्यात बांधतो. श्वास घ्यायचा तो त्यासाठीच. पण चिखलात खोलवर ऑक्सिजन कुठून येणार? तिथे हा जीवाणू आपले इलेक्ट्रॉन शेजारच्या लोखंडाच्या गंजावर नेऊन टाकतो. म्हणजे गंजावर श्वास घेतो म्हणा ना. त्याला गंजाऐवजी कार्बनची कांडी दिली तर कांडीवर टाकतो. कांडीला तार जोडली, तारेच्या दुसऱ्या टोकाला हवेतला ऑक्सिजन ठेवला, की झाला प्रवाह सुरू. हे इलेक्ट्रॉन पेशीच्या बाहेर नेण्यासाठी त्याच्याकडे अतिसूक्ष्म तारा असतात. त्या तारा नेमक्या कशाच्या, हे २०१९मध्ये येल विद्यापीठातले निखिल मालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं : एकामागे एक रचलेले हीमचे रेणू. हीम म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला लोहवाला भाग, तोच. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या माणसाचं हे काम आहे, तेव्हा फॉरवर्डच करायचं असेल तर हे करा. :)

आता जिन्यातल्या दिव्यांचं बोलू. अशा एका घटातून फार फार तर एक व्होल्टच्या थोडं वर मिळू शकेल असं गणित सांगतं. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. पण मूळ अडचण जीवाणूंची नाहीच, ती मालाची आहे. हजार लिटर घरगुती सांडपाण्यात जेवढी ऊर्जा दडलेली असते ती सुमारे दोन युनिट विजेएवढी. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं तर हजार लिटर हे सात-आठ माणसांचं सांडपाणी झालं. म्हणजे चौघांच्या घराच्या वाट्याला दिवसाला जेमतेम एक युनिट, तेही कणभरसुद्धा वाया न घालवता सगळं वसूल केलं तर. आणि वसूल होतो त्यातला थोडासाच हिस्सा. खरगपूरच्या आयआयटीत मकरंद घांगरेकर आणि मंडळींनी असं एक शौचालय बांधलं, त्यात त्याच घाणीच्या विजेवर तिथलाच दिवा लागतो. हे मला फार आवडलं, कारण त्यात बढाई नाही. शौचालयाने शौचालयापुरता उजेड द्यावा. लिफ्ट चालवायला सांगू नये.

तर माझं म्हणणं असं, की या जीवाणूंकडे वीज मागणं हाच मुळात चुकीचा हट्ट आहे. त्यांच्याकडे मागायचं ते दुसरंच.

सध्या बहुतेक ठिकाणी सांडपाणी साफ करायची जी पद्धत आहे, ती अर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मँचेस्टरला १९१४ साली मांडली. टाकीत हवा फुंकायची. हवेवर जगणारे जीवाणू घाण खातात, पाणी स्वच्छ होतं. उत्तम. शंभर वर्षांवर चाललेली पद्धत आहे, तिला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण तिची दोन दुखणी आहेत. एक, हवा फुंकायला वीज लागते, प्रकल्पाच्या एकूण विजेतली निम्म्याच्या आसपास नुसत्या फुंकण्यात जाते. दुसरं दुखणं जास्त अवघड. ऑक्सिजन मिळाला की या जीवाणूंना खाल्लेलं अंगी लागतं! खाल्लेल्यातलं साधारण चाळीस टक्के ते अंगावर चढवतात, वाढतात, मरतात, तळाशी बसतात. हा तो गाळ. म्हणजे आपण घाण नाहीशी करतो असं नाही, तिच्यातल्या बऱ्याच भागाचं जीवाणूंच्या देहांत रूपांतर करतो आणि मग त्या देहांचं काय करायचं म्हणून डोकं धरून बसतो. गाळाची विल्हेवाट लावण्यातच प्रकल्प चालवायच्या खर्चातला निम्म्यापर्यंतचा हिस्सा जाऊ शकतो.

मोठ्या प्रकल्पात हा गाळ बंद टाकीत, हवेशिवाय कुजवतात, त्यातून जळणारा वायू मिळतो. (यात आपण मागे नव्हतो बरं का. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात, म्हणजे आताच्या वडाळ्याच्या अॅक्वर्थ रुग्णालयात, १८९७ साली मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करायची सोय केल्याची नोंद आहे.) पण ते काम संथ. पंधरा-वीस दिवस, कधी महिना. जीवाणूंची पेशीभित्तिका चिवट असते, ती फुटेपर्यंत पुढचे सगळे ताटकळत बसतात, आणि इतकं करून कुजण्याजोग्यातलं निम्मंच संपतं.

इथे विजेवाल्या जीवाणूंचा खरा उपयोग आहे, आणि तो उलट्या दिशेने. वीज घ्यायची नाही, थोडीशी द्यायची. टाकीत दोन इलेक्ट्रोड सोडून अर्धा-पाऊण व्होल्ट लावायचा. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचा दीड व्होल्ट असतो, म्हणजे त्याच्याही निम्मा. तेवढ्या ढकलण्याने या जीवाणूंना इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन टाकणं परवडतं आणि दुसऱ्या टोकाला हायड्रोजन किंवा मिथेन तयार होतो. प्रयोगशाळांत असं केल्यावर गाळ लवकर फुटतो आणि वायूही जास्त मिळतो असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शिवाय या जीवाणूंना खाल्लेलं फारसं अंगी लागत नाही, कारण ऑक्सिजनवाल्यांएवढी ऊर्जाच त्यांच्या पदरात पडत नाही. म्हणजे नवा गाळ कमी.

इंग्लंडात न्यूकॅसलजवळ एका प्रकल्पावर १२० लिटरचा असा घट खऱ्याखुऱ्या सांडपाण्यावर चालवला होता, २०१३मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिथल्या थंडीतही तो तीन महिन्यांहून जास्त चालला. दिलेल्या विजेतली साधारण सत्तर टक्के ऊर्जा हायड्रोजनच्या रूपात परत मिळाली. हे ऐकून आमचे एक मेहुणे म्हणाले, "म्हणजे शंभर घालून सत्तर? हा कसला धंदा!" अहो, पण हवा फुंकताना शंभर घालून शून्य मिळतात त्याचं काय? यात कमाई नाही, बचत आहे. कमाईची भाषा लावली की ही कल्पना नापास होते, बचतीची लावली की पास होण्याच्या जवळ येते. जवळच, अजून पास नाही. इलेक्ट्रोड महाग असतात, त्यांच्यावर थर चढतात, आणि घट मोठा करत न्यावा तशी कामगिरी खालावते. बरणीतली गोष्ट बरणीत ठीक चालते.

मला यात एवढा रस का, तर गाळ शेवटी कुणाला तरी बाहेर काढावा लागतो.

मी काम हाती घेतलं तेव्हा ठेकेदाराला विचारलं, तळाचा गाळ काढता कसा? त्याने विशीतल्या एका मुलाकडे बोट दाखवलं. "हा उतरतो ना." दोर आणि बादली. मास्क नाही, काही नाही. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवायची तर सगळीकडचीच पद्धत. हवा बंद झाली की टाकी सडते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर निदान कळतं तरी, प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणूस तेव्हाच खाली असतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली यावरूनच काय ते समजा.

आमच्याकडे ते उतरवणं त्या दिवसापासून बंद. आता सक्शनची गाडी येते, ब्लोअर रात्रीही चालतो. त्यापायी मेंटेनन्स थोडा वाढला आणि सभेत त्यावर पाऊण तास भांडण झालं, ज्यात 'वीज तयार करायची सोडून वाढवली कशी' असंही एक वाक्य होतं. व्हिडिओचा परिणाम, दुसरं काय.

मध्यंतरी एक तरुण उद्योजक असा घट आमच्याकडे नमुना म्हणून बसवायला तयार होता. माहितीपत्रकावर अर्थातच दिव्याचं चित्र. मुलगा हुशार होता, विषय त्याला मनापासून कळलेला होता. मी दिव्याचं काहीच विचारलं नाही. महिन्याला गाळ किती किलोने कमी होईल, इलेक्ट्रोडवरचा थर किती दिवसांनी काढावा लागेल, आणि तो काढायला झाकण उघडून कुणाला आत वाकावं लागेल का, एवढंच विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे होती. तिसऱ्याला म्हणाला, "ते लोकल लेबर करतील, सर."

इलेक्ट्रोड वरूनच उचलून बाहेर काढता येतील अशी रचना करून दाखव, मग बसू, असं सांगून त्याला पाठवलं आहे. गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला, नवं रेखाटन करतोय म्हणून. वाट बघतोय.

तुमच्या सोसायटीत गाळ कसा काढतात, ते विचारून मला जरूर कळवा.