सूड आणि पत

सिडनी शेल्डन यांची ‘इफ टुमॉरो कम्स’ ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी वाचकांत आजही दोन तट आहेत.

ट्रेसी व्हिटनी ही फिलाडेल्फियातील बँक कर्मचारी. न्यू ऑर्लिन्समधील गुन्हेगार तिच्या दिवंगत वडिलांचा व्यवसाय लुबाडतात. आई आत्महत्या करते. जाब विचारणाऱ्या ट्रेसीलाच खोट्या आरोपाखाली १५ वर्षांची शिक्षा होते. सुटल्यावर ती एकेकाचा सूड घेते.

एक पक्ष म्हणतो, हे सारे अशक्य कोटीतले. तुरुंगातून सुटका योगायोगाने. पुढे जहाजावर ती दोन बुद्धिबळपटूंना एकमेकांच्याच चाली खेळून चकविते! दुसरा पक्ष विचारतो, न्यायाधीशच विकला गेला असता वाचकाने समाधान कोठे शोधावे?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु कादंबरीतील सर्वांत खरा भाग दोघांच्याही नजरेतून निसटतो. सूड पुरा झाल्यावर ट्रेसी प्रामाणिक नोकरी शोधते. तुरुंगवासाचा डाग लागल्याने ती टिकत नाही, आणि अखेर ती दागिन्यांच्या चोरीकडे वळते. तेथे लेखकाने कल्पनेला आवर घातला आहे. शत्रूंचा हिशेब चुकता झाला; गेलेली पत मात्र परत आली नाही.