बोटभर फुलदाणी

होळी म्हटलं की तुम्हाला रंग आठवतात. वसईकरांना आठवतो होळीचा बाजार! परवा तिथेच एका मैत्रिणीकडे गेले होते. घर रीडेव्हलपमेंटला जातंय, त्यामुळे जिकडेतिकडे खोकी. आल्तारावर मात्र एक काचेची फुलदाणी अजून जागेवर होती. उंची जेमतेम चार इंच, अंगावर पिळदार रेघा, आत मोगऱ्याच्या दोन छोट्या डहाळ्या.

“भंगारवाला शंभर देतोय. ही फ्रेंच आहे का गं?” मैत्रिणीने विचारलं.

मास कॉमवाल्यांना सगळं येतं, हा एक गोड गैरसमज. पण चोरबाजारात चकरा मारून मी थोडंफार शिकलेय. पूर्व फ्रान्समधल्या बाकारा गावात १७६४ पासून काच बनते. पुढे तिथे क्रिस्टल आलं. क्रिस्टल म्हणजे शिसं मिसळलेली काच. हाताला जड लागते आणि टिचकी मारली की घंटेसारखी घुमते. हाताने पैलू पाडलेल्या वस्तू महाग, साच्यातल्या त्यामानाने स्वस्त. साच्याची खूण म्हणजे बारीक उभी शिवण आणि बोटाला न टोचणाऱ्या गोलसर कडा. बाकाराने तळाशी ॲसिडने शिक्का उठवायला १९३६ साली सुरुवात केली. त्याआधी कागदी लेबल असायचं. ते धुण्यात टिकणार थोडंच? म्हणजे शिक्का नाही म्हणून खोटी, असं नाही. आणि खरीच, असंही नाही!

मी टिचकी मारली. छान घुमली. शिवण सापडली, शिक्का नाही. म्हटलं, “जाणकाराला दाखवल्याशिवाय विकू नकोस.”

इतका वेळ गप्प बसलेली आजी म्हणाली, “कुठलीही असू दे. माझा मोगरा दुसऱ्या कशात उभा राहात नाही.”

खरंच की! आखूड देठाची फुलं मोठ्या फ्लॉवरपॉटमध्ये बुडून जातात. अशा फुलांसाठीच तर या चिमुकल्या फुलदाण्या. आपल्याकडे मोगरा एक तर गजऱ्यात जातो, नाही तर देवाला. आजीने त्याला रोजचं पाणी दिलं होतं.

पण ते झाड मागच्या बावखलाच्या काठावर. घराबरोबर तेही जाणार. किमतीच्या नादात आमच्या दोघींच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

निघताना मैत्रिणीला म्हटलं, “फुलदाणी पेपरात गुंडाळ. पण त्याआधी मोगऱ्याची फांदी कुंडीत लाव. पावसाळ्यात धरते.”

नव्या फ्लॅटला तीन फुटांची बाल्कनी आहे म्हणे. कुंडीला तेवढी पुरे.