तोडण्यापूर्वी फांदी लावा

वर्धा जिल्ह्यात एखादा जुना वड वा उंबर तोडण्याची परवानगी ज्या कागदावर दिली जाते, त्याच कागदावर आणखी एक अट घातली जावी, एवढीच या लेखातील मागणी आहे. झाडावर करवत चालण्यापूर्वी त्याच्या निरोगी फांद्या उतरवून त्या त्याच तालुक्यात अन्यत्र लावाव्यात, आणि त्या जगल्या की वाळल्या याची नोंद संबंधित कचेरीच्या दप्तरी राहावी. या अटीला ना मोठा खर्च लागतो, ना परदेशी यंत्रसामग्री. लागतो तो एक कोयता, शेण-मातीचा लेप आणि पावसाळ्याचा मुहूर्त साधण्याची थोडी दक्षता.

2020 साली वर्धा–सेवाग्राम मार्गाच्या रुंदीकरणाचे काम निघाले आणि महात्माजींच्या वास्तव्यकाळाशी ज्यांचे नाते सांगितले जाते अशी कित्येक झाडे आडवी झाली, तेव्हा या शहरातील नागरिक रस्त्यावर उतरले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. त्यांचा विरोध न्याय्य होता. परंतु जी झाडे त्याआधीच पडली होती, त्यांच्या फांद्या वखारीत गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्या झाडांचा वंशही गेला, याचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. तोडू इच्छिणाऱ्यांच्या नाही आणि वाचवू इच्छिणाऱ्यांच्याही नाही.

यावर कोणी म्हणेल की तोडलेल्या झाडाच्या मोबदल्यात नवी झाडे लावण्याची तरतूद कायद्यात आहेच. आहे, आणि ती चांगली आहे. नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या जतनासाठी 1975 साली झालेल्या अधिनियमात 2021 साली दुरुस्ती होऊन 50 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे वय जितके वर्षांचे, तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. पण संख्येची भरपाई आणि वंशाची भरपाई या दोन भिन्न गोष्टी आहेत. 80 वर्षांच्या वडाच्या बदल्यात प्लास्टिकच्या पिशवीतली 80 रोपे येतात, ती कोठल्या झाडाची, कोठल्या मुलुखातली, याचा कोणाला पत्ता नसतो, आणि त्यांत वड असतोच असेही नाही. राज्य शासनाने 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4 कोटी, 2018 साली 13 कोटी आणि 2019 साली 33 कोटी झाडे लावण्याचे संकल्प सोडले. त्या मोहिमांमागील उत्साहाचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र इतके मोठे आकडे गाठावयाचे म्हटले की जे रोप लवकर, स्वस्त आणि एकसारखे तयार होते तेच पुढे येते, आणि जिल्ह्यातील एका विशिष्ट जुन्या झाडाची विशिष्ट संतती वाढवण्याचे काम मागे पडते.

फांदीपासून झाड करण्याची विद्या सृष्टीच्या एका उदार नियमावर उभी आहे. फांदी मातृवृक्षापासून वेगळी झाली तरी तिच्यावरील डोळे आणि कोवळी पाने एक वृद्धिद्रव्य निर्माण करीतच राहतात, ते सालीतून खाली उतरते, कापलेल्या टोकाशी साचते, आणि तेथे जखम भरून येत असतानाच सालीच्या आतील जिवंत थरातून मुळांचे अंकुर फुटू लागतात. असे तयार झालेले झाड म्हणजे मूळ झाडाचे अपत्य नव्हे, तर तेच झाड होय. मात्र हा नियम सर्व वनस्पतींना सारखा लागू पडत नाही, आणि ठिकाणही त्याला अनुकूल असावे लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अझेलिया. दार्जिलिंग-सिक्कीमच्या बागांना वसंतात जो रंगांचा बहर येतो त्यात या झुडपाचा वाटा मोठा असतो, आणि त्याची छाटकलमेही चांगली होतात. चालू वर्षीची, अर्धवट जून झालेली, वीतभरापेक्षा आखूड फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत, पालापाचोळ्याच्या आम्लधर्मी खतात ती खोचावी आणि सावलीत दमट हवेत ठेवावी, म्हणजे दीड-दोन महिन्यांत केसांसारखी बारीक मुळे सुटतात. परंतु ही आम्ल माती आणि हे गारव्याचे दिवस वर्ध्यात आणावयाचे कोठून? येथील काळी माती चुन्याने युक्त, विहिरीचे पाणी जड, आणि मे महिन्याचा पारा 45 अंशांच्या पुढे. अशा मातीत अझेलियाला लोह मिळत नाही, पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आर्वी, आष्टी, कारंजा तालुक्यांतील संत्रा बागायतदारांना चुनखडीच्या जमिनीतला हा पिवळेपणा चांगला परिचित आहे. हौशी माणसाने अझेलियाची कुंडी अवश्य ठेवून पाहावी, पण फांदीतून झाड उभे करण्याचा आनंद ज्याला हवा आहे त्याने तो अंगणातल्या जास्वंदीपासून, तगरीपासून, मोगऱ्यापासून घ्यावा. संत्र्याच्या मुलुखाला तर ही विद्या मुळीच परकी नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंदुरजनाघाटच्या पन्हेऱ्यांत जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधणारे हात जितक्या सफाईने चालतात, तितकी सफाई एखाद्या शस्त्रवैद्याच्या हातीही क्वचितच दिसेल.

वडाच्या बाबतीत तर निसर्गाने अर्धे काम आधीच करून ठेवले आहे. जो वृक्ष आपल्या फांद्यांतून हवेतच पारंब्या सोडतो, त्याच्या फांदीला मातीत मूळ सुटावे यात नवल ते काय? मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची किंवा त्याहून थोडी अधिक लांब, सरळ आणि कीड नसलेली फांदी निवडावी. जुन्या झाडावर शक्यतो खालच्या बाजूचा जोमदार, तुलनेने तरुण फुटवा घ्यावा, कारण वठत आलेल्या लाकडाला मूळ उशिरा फुटते. पाने काढून टाकावीत. कापल्याबरोबर दोन्ही टोकांतून पांढरा चीक ओघळू लागतो, तो वाहून थांबेपर्यंत फांदी सावलीत टेकवून ठेवावी. मग वरच्या टोकाला शेण-मातीचा जाड लेप द्यावा, म्हणजे तेथून ओलावा उडत नाही आणि पाऊस आत मुरून लाकूड कुजत नाही. बुंध्याकडील टोक दीड-दोन हात खोल खड्ड्यात ठेवून माती पायाने घट्ट दाबावी, कारण वाऱ्याने हलणाऱ्या फांदीची कोवळी मुळे फुटताच तुटतात. मृगाच्या सुमारास हे काम झाले की उरलेले पाऊस करतो. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे: फांदीला पालवी फुटली म्हणजे ती जगली, असे समजू नये. ती पालवी बहुधा फांदीत साठवलेल्या अन्नावर फुटलेली असते, आणि मुळे आलेली नसतील तर पुढच्या उघडिपीत ती मान टाकते. कौतुकाने फांदी हलवून पाहण्याचा मोह या काळात प्रत्येकाने आवरावा.

अशा फांदीचा आणखी एक लाभ व्यवहारी माणसाने ध्यानात घ्यावा. ती पहिल्याच दिवशी शेळीच्या तोंडाच्या वर असते. गुडघाभर रोपाला जे कुंपण, जी राखण लागते, तिचा बराचसा भार येथे वाचतो, आणि खेड्यातील वृक्षलागवड कशाने फसते हे ज्याने पाहिले आहे त्याला या एका गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

आक्षेप आहेत, आणि ते मी टाळीत नाही. फांदीपासून झालेल्या झाडाला बियाण्याच्या झाडासारखे सोटमूळ नसते; वड पुढे पारंब्या रोवून आपला आधार आपणच उभारतो, पण रस्त्याकडेच्या त्या पारंब्या छाटून टाकण्याची आपली खोड आधी सुटली पाहिजे. एकाच झाडाच्या फांद्या सर्वत्र लावल्या तर त्याचा रोगही सर्वत्र जाईल, म्हणून मातृवृक्ष अनेक असावेत. कडुनिंब, चिंच, मोह यांना ही रीत लावू नये. त्यांचे बीज ताजे असतानाच पेरणे श्रेयस्कर. पिंपळाची फांदी वडाइतक्या सहजतेने मूळ धरीत नाही, तेथे गुटी कलमाचा आश्रय घ्यावा. सेवाग्राम आश्रमात 1936 साली महात्माजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आज उभी आहेत. पिंपळाची गुटी कलमे आणि बकुळीची बियाण्यापासून केलेली रोपे जिल्ह्यातील शाळाशाळांत जाऊ शकतील, आणि त्यासाठी कोणत्याही झाडावर संकट कोसळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

एखाद्या वृक्षाचा वंश फांदीच्या द्वारे देशकालाच्या सीमा ओलांडू शकतो, याचा पुरावा आपल्यापासून दूर नाही. बोधगयेच्या बोधिवृक्षाची शाखा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात संघमित्रेने सिंहलद्वीपात नेली, ती अनुराधपुरात रुजली, मूळ स्थानीचा वृक्ष कालांतराने नष्ट झाला तरी तेथे तो वंश टिकला, आणि त्याच अनुराधपुराच्या वृक्षाची रोपे भदंत आनंद कौसल्यायन यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीसाठी आणली. हे भदंतजी वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत अनेक वर्षे कार्यरत होते. ज्या शहरात त्यांनी आयुष्याची इतकी वर्षे वेचली, तेथील प्रशासनाला फांदीचे मोल पटवून द्यावे लागू नये.

प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा. सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे. फांद्या निवडण्याचे व लावण्याचे शिक्षण तेथून ग्रामपंचायतींना मिळू शकेल. जिल्हा परिषदेने प्रत्येक तालुक्यातील जुन्या वड-उंबरांची यादी करावी, बांधकाम खात्याने रस्त्याचा आराखडा मंजूर होताच, प्रत्यक्ष तोडीच्या निदान एक पावसाळा आधी, त्या यादीप्रमाणे फांद्या उतरवाव्यात, आणि ठेकेदाराचे अखेरचे देयक त्या फांद्यांच्या पाहणीशिवाय अदा होऊ नये. हे शेवटचे कलम कठोर वाटेल, पण त्यावाचून बाकीची कलमे कागदावरच राहतील.

ज्येष्ठी पौर्णिमेला वर्ध्याच्या बाजारात पूजेसाठी वडाच्या डहाळ्यांचे ढीग विकावयास येतात. त्या कोवळ्या डहाळ्यांना मूळ फुटण्याची आशा फारशी नसते, आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात जातात. या जिल्ह्यातील भगिनींना माझी विनंती आहे की या वर्षी डहाळी विकत घेऊ नये. वस्तीतल्या पाच-सात घरांनी मिळून, मालकाच्या संमतीने, मनगटाएवढी एकच फांदी उतरवून घ्यावी, ती गावाच्या मोकळ्या जागेत रोवावी, आणि तिचीच पूजा करावी.