बाळाला समुद्र दाखवायचा की नाही?

आमची लेक साडेचार महिन्यांची झाली तेव्हा माझ्या बाळंतपणाच्या रजेचे जेमतेम तीन आठवडे उरले होते. 2017 सालच्या दुरुस्तीनंतर कायद्याने मिळणारे सव्वीस आठवडे. त्यातले काही पोटात बाळ असतानाच संपले, काही टाके सुकण्यात गेले, आणि उरलेले कुठे गेले ते खरंच सांगता येणार नाही. दूध, दुपटी, लसीकरणाच्या तारखा, पाहुणे आणि अर्धवट झोप. एका रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "कामावर जायच्या आधी मला दोन दिवस समुद्राजवळ राहायचंय."

त्याने लगेच होकार दिला. अडचण घरातून आली.

आम्ही उमेळ्यात राहतो. घराच्या एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला वाढत चाललेल्या इमारती. समुद्र रिक्षाने फार दूर नाही, पारनाका ओलांडला की वाऱ्याला खारट वास येतो. तरीही माझ्या सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, मी जणू मुलीला परदेशी घेऊन चालले आहे असं वाटलं. "चिल्ला झाला म्हणून काय झालं? एवढंसं लेकरू. वारा लागेल, नजर लागेल." शेजारच्या वाडवळ काकूंनीही मान डोलावली. त्यांच्याकडे सव्वा महिना, आमच्याकडे चाळीस दिवस. बाळंतिणीला घरात ठेवण्याच्या बाबतीत दोन्ही घरांचं एकमत आहे, आणि ते चाळीस दिवसांवर थांबतही नाही.

त्या चाळीस दिवसांना मी नावं ठेवणार नाही. बाईला पडून राहता येतं, आयतं ताट मिळतं, अळिवाची खीर मिळते. ज्या घरात एरवी सुनेला बसायला वेळ मिळत नाही, तिथे चिल्ला हीच तिची एकमेव हक्काची रजा असते. माझा आक्षेप एवढाच आहे की विश्रांतीसाठी केलेली सोय हळूहळू बंदी होते. मग चाळीस दिवसांचे सहा महिने होतात, सहाचे दोन वर्षं, आणि बाई बाहेर पडते ती एकदम लसीसाठी नाहीतर लग्नाला.

अम्मींशी मी वाद घातला नाही. मी त्यांना हलीमा सादियांची आठवण करून दिली. मक्केतल्या घरांमध्ये तान्ही मुलं वाळवंटातल्या दायांकडे पाठवायची रीत होती. शहरापेक्षा तिथली मोकळी हवा मुलांना मानवते, असं मानलं जाई. आमचे पैगंबर असेच हलीमांकडे वाढले. ही गोष्ट अम्मींनीच आम्हाला कितीतरी वेळा सांगितली आहे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ते वाळवंट होतं. हा समुद्र आहे." पण आवाजातली धार गेली होती.

मग शोधाशोध सुरू झाली. दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावर घरगुती राहण्याची सोय सापडली. फोनवरचे गृहस्थ फार प्रेमळ होते. बाळ आहे म्हटल्यावर म्हणाले, पाळणा आहे आमच्याकडे, पाणी तापवून देऊ, ताईंना मऊ भात करून देऊ. मला भरून आलं. शेवटी त्यांनी नोंदीसाठी नाव विचारलं. नवऱ्याने सांगितलं. क्षणभर शांतता. "तारखा बघून कळवतो हां." ते कळवणं अजून व्हायचं आहे.

कदाचित त्यांच्याकडे खरोखरच जागा नसेल. मी कोणाच्या मनात शिरलेले नाही. पण हेच तर दुखणं आहे. दुसऱ्या कुठल्या जोडप्याने असा फोन ठेवला असता तर त्यांना वाटलं असतं, जागा भरली असेल. आम्ही फोन ठेवला आणि एकमेकांकडे पाहायचं टाळलं. प्रवासाला निघताना बाळाची झबली, दुपटी, टोपी भरावी लागतात, आणि आम्हाला त्याबरोबर ही शंकाही भरावी लागते. ती सगळ्यात जड असते. मुलीचं नाव आम्ही हौसेने ठेवलं. ते असं कधीतरी तिलाही फोनवर सांगावं लागेल, हा विचार त्या रात्री मला पहिल्यांदा आला.

दुसरं ठिकाण शोधायचा उत्साह राहिला नाही. नवरा म्हणाला, "समुद्र काय त्यांच्या मालकीचा आहे? आपला आहे की इथे." त्याने ऑफिसातून तीन दिवस रजा घेतली. खाजगी नोकरीत बापाला बाळंतपणाची रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस मिळतात, बाकीच्यांनी आपापल्या किरकोळ रजा मोडायच्या. ठरलं असं की मुक्काम घरीच, पण तीन दिवस रोज सकाळी समुद्र. आणि त्या तीन दिवसांत मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. ही दुसरी अट मी लेखी घेतली नाही, पण अम्मींसमोर वदवून घेतली.

आता ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि सुरूच्या झाडांची सावली वाळूवर, समुद्राच्या दिशेने पडते. संध्याकाळी नेमकं उलटं. ऊन थेट डोळ्यांत, आणि गर्दीही तेव्हाच. फेब्रुवारीत साडेसातला पोहोचून साडेनऊला परतलं तर बाळाला ऊन असं लागत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हात ठेवायचंच नसतं. मलम चोपडून उन्हात बसवण्यापेक्षा सावली, सैल सुती कपडे आणि टोपी हाच उपाय. दुसरं, कितीही उकडलं तरी सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही. तहान लागली तर आईचंच दूध, थोडं जास्त वेळा. तिसरं, एवढ्या लहान बाळाला लाटेत बुचकळून फोटो काढायची हौस करू नये. हाताला ओली वाळू लावली तेवढं पुरे. आणि आईच्या पिशवीत बाळाच्या कपड्यांबरोबर स्वतःचाही एक जोड असू द्या. भिजते ती बहुतेक आईच.

भरतीची वेळ आम्हाला दोघींनी सांगितली. अम्मी म्हणाल्या, आज चाँदची सात, समुद्र शांत असेल. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळी मावशी म्हणाल्या, आज अष्टमी, भांग आहे, घाबरू नका. उधाण अमावास्या-पौर्णिमेला, भांग अष्टमीच्या आसपास. मावशींनी हिशोबही शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा ही भरतीची ढोबळ वेळ. आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती, आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी मागे सरकू लागलेलं. आमचा चाँद आणि त्यांची तिथी यांच्यात एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो, पण समुद्र दोन्हीकडून सारखाच कळतो. मला हे फार आवडलं. अम्मी आणि त्या मावशी एकाच आकाशाकडे बघून घर चालवत आल्या आहेत.

लेकीने समुद्राकडे फारसं पाहिलं नाही, हेही सांगून टाकते. तिने सुरूच्या फांद्या पाहिल्या, एक कुत्रा पाहिला, माझ्या स्कार्फचं टोक चघळलं आणि झोपली. पाहिला तो मी. पाच महिन्यांनी मी एवढं लांबवर काहीतरी पाहत होते. घरात डोळ्यांना सवय झाली होती फक्त हातभर अंतराची: बाळ, दुपटं, घड्याळ. मला रडू आलं. नवऱ्याने काही विचारलं नाही, तो मुलीला घेऊन चालत लांब गेला. सुट्टी म्हणजे काय, ते मला त्या वीस मिनिटांत कळलं.

मग तिला भूक लागली.

आणि इथे माझा खरा मुद्दा सुरू होतो. त्या किनाऱ्यावर खाण्याच्या टपऱ्या होत्या, गाड्या लावायला जागा होती, फोटोसाठी रंगवलेली अक्षरं होती. पण बाळाला पाजायला आडोसा नव्हता. मी बुरखा घालते, त्यामुळे माझ्याकडे कापड भरपूर असतं. तरीही उघड्या वाळूवर पाठीमागून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा झेलत पाजणं सोपं नाही. नवरा छत्री उघडून भिंतीसारखा उभा राहिला. दोन तरुण पोरं, आमच्याच मोहल्ल्यातली असावीत, मोठ्याने म्हणाली, "एवढ्या लहान बच्च्याला घेऊन यायची गरज काय होती?" शेवटी शहाळी विकणाऱ्या बाईने हाक मारली, "अगं, मागे ये, माझ्या प्लास्टिकच्या आत बस." शहाळ्यांच्या ढिगाशेजारी, उलट्या टोपलीवर बसून मी लेकीला पाजलं. त्या बाईने माझं नाव विचारलं नाही. बाळ किती महिन्यांचं, दूध पुरतं का, एवढंच विचारलं.

आपल्या एसटीच्या स्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी खोली करायचं ठरलं तेव्हा तिला नाव दिलं गेलं हिरकणी कक्ष. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी अंधारात कडा उतरून गेलेली ती गवळण. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला ती ठाऊक आहे. आणि आमच्या घरातल्या प्रत्येक पोराला हाजरा ठाऊक आहेत. तापलेल्या माळावर तान्ह्या इस्माईलला ठेवून पाण्यासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावलेली आई. आज लाखो हाजी, त्यात बादशहाही आले आणि मौलवीही, त्या एका बाईच्या पावलांवर चालतात, तेव्हा कुठे त्यांचा हज पुरा होतो. उघड्यावर बाळासाठी धावलेल्या आईला आपण एवढा मान देतो. मग उघड्यावर बाळाला घेऊन बसलेल्या आईला "घरी बस" का म्हणतो?

शरीअतने प्रवाशाला रोज्याची सवलत दिली आणि पाजणाऱ्या आईलाही दिली. दोघांचे कष्ट ओळखले. जी बाई एकाच वेळी प्रवासीही आहे आणि पाजणारीही, तिला घर आणि गाव मात्र काहीच सवलत देत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्याकडे कलंक म्हणून पाहू नये आणि त्यासाठी सोयी केल्या पाहिजेत. न्यायालयाला हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

मी जे मागते आहे ते फार नाही. प्रत्येक वर्दळीच्या किनाऱ्यावर एक आडोशाची खोली, आत एक बाक, एक पंखा, शेजारी बायकांसाठी स्वच्छ शौचालय आणि पिण्याच्या पाण्याचा नळ. रंगीत अक्षरांच्या खर्चात यातलं निम्मं तरी होईल. ती खोली वाडवळ, कोळी, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांच्या सुना वापरतील. तिथे नोंदवहीत नाव लिहावं लागणार नाही.

आणि आपल्या लोकांकडे दुसरं मागणं. समुद्रावर बुरख्यातली बाई बाळ घेऊन दिसली तर तिला सल्ला देऊ नका. द्यायचाच असेल तर तिच्या नवऱ्याला द्या, की भाऊ, पिशवी तू घे. ज्या सहलीत आई घरातलीच सगळी कामं वाळूवर बसून करते, ती सहल इतरांची झाली, तिची नव्हे. आमच्या तीन दिवसांत भाकऱ्या नवऱ्याने आणि अम्मींनी केल्या. नवऱ्याच्या भाकऱ्या वाईट होत्या. मी चवीने खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी अम्मी स्वतःहून रिक्षात येऊन बसल्या. येताना पारनाक्यावर सुकेळी घेतली. किनाऱ्यावर त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, कोळी मावशींशी चाँद आणि तिथीचा हिशोब जुळवला आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत बसल्या. मी विचारलं, तुम्ही शेवटच्या कधी आला होता? त्या म्हणाल्या, "आले होते की. तुझा नवरा पोटात असताना."

त्याला पस्तीस वर्षं झाली. समुद्र इतकी वर्षं रिक्षाच्याच अंतरावर होता.