वेंगुर्ल्याची डच वखार

वखार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या तर लाकडाचे ओंडके आणि भुशाचा वास. त्यामुळे लहानपणी वेंगुर्ल्यातल्या ‘डच वखारी’बद्दल ऐकलं, तेव्हा वाटलं की हॉलंडहून लोक इथे लाकडं विकायला आले असणार. (हसू नका, चौथीत होते मी!)

खरं कारण होतं गोवा. डचांना पोर्तुगीजांची कोंडी करायची होती. म्हणून 1636 पासून काही वर्षं, पावसाळा सरला की त्यांची लढाऊ जहाजं मांडवीच्या तोंडाशी येऊन थांबायची. आता महिनोन्‌महिने समुद्रात राहायचं, तर खलाशांना पाणी हवं, तांदूळ हवा. गोव्याच्या उत्तरेला, पणजीपासून सुमारे 50 किलोमीटरवर वेंगुर्लं. ते तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होतं. तिथे 1637 मध्ये डचांची वखार सुरू झाली. इथल्या पाण्याचं आणि तांदळाचं कौतुक तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही केलंय. पाठीशी सह्याद्री, समोर समुद्र. घाटावरून उतरलेला माल थेट जहाजात चढायचा.

मला सगळ्यात आवडते ती त्यांची पत्रं. वखारीतले अधिकारी आसपासच्या बातम्या बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, कळवायचे. त्यांत शिवाजी महाराजांच्या हालचालीही असायच्या. व्यापाऱ्याला धास्ती असणारच! पण त्या धास्तीपोटी लिहिलेला मजकूर पुढे आपल्या इतिहासकारांच्या कामी आला.

1663 मध्ये कोचीन डचांच्या हाती गेलं, पोर्तुगीजांशी लढाई थांबली आणि वेंगुर्ल्याचं महत्त्व उतरलं. सतरावं शतक संपायच्या आत वखार बंद झाली.

सध्या मी लखनौला राहते. इथली रेसिडेन्सी 1857 मध्ये तोफांनी फोडली, ती तशीच पडकी आहे. पण भोवती हिरवळ राखलीय आणि लोक तिकीट काढून बघायला येतात. तिथे गेले की मला हटकून वखार आठवते. मी पाहिली तेव्हा छप्पर नव्हतं आणि भिंतींत झाडांची मुळं घुसली होती. डच कंपनीचे कागद मात्र हेगच्या अभिलेखागारात सुखरूप आहेत. 2003 मध्ये युनेस्कोने त्यांना ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’च्या यादीत घेतलं.

तर गोव्याला निघालात की अर्धा दिवस वेंगुर्ल्यासाठी ठेवा. मुलांना आवर्जून न्या. फक्त पावसाळ्यात नको. भिंती ओल्या असतात आणि गवतात पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.