उसने अश्रू



गेल्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आपण एक सहा मिनिटांचा लघुपट दाखविला होता. आपल्यातील ज्येष्ठांच्या मुलाखतींवरून मी तो तयार केला होता. त्यातील एका आजींचा प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. लहानपणी गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, एवढे त्या सांगतात आणि लगेच त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळताना दिसते. त्या क्षणी सभागृहात कित्येकांनी डोळे टिपले. माझी पाठ थोपटली गेली आणि मीही मनातून सुखावलो.

जेवणाच्या रांगेत आजींनी मला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "बाबू, मी तर ते सांगताना रडलीच नव्हती. हे पाणी तू कुठून आणलं?"

ते पाणी कुठून आणले, हे मला नेमके ठाऊक होते. आजींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली होती आणि दिव्याच्या प्रखर उजेडाने त्यांच्या डोळ्यांना धार लागत होती. दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात कॅमेरा सुरूच होता. तेव्हाचा तो चेहरा मी उचलला आणि विहिरीच्या आठवणीपुढे जोडला. यात मी एकही शब्द खोटा घातला नव्हता आणि एकही चित्र बनावट नव्हते. फक्त दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या होत्या.

आजींच्या प्रश्नाने मला माझ्या विद्यार्थिदशेतील एका वर्गात परत नेऊन बसविले. संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेत असताना एक विषय आपल्या शाखेबाहेरचा घेण्याची मुभा होती. माध्यमे लोकांचे मन कसे वळवितात आणि त्यात चित्रपटाचा वाटा काय, असा एक विषय मी निवडला. गणिते सोडविण्यापेक्षा चित्रपट पाहणे सोपे, हा त्यामागील हिशेब होता, तो चुकला.

पहिल्याच आठवड्यात लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग आम्हांला शिकविला गेला. १९२०च्या सुमारास त्यांनी इव्हान मोझूखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एक तुकडा घेतला आणि तोच तुकडा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखविला. एकदा पुढे सुपाचे भांडे, एकदा शवपेटी. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, तर कधी शोक. भाव चेहऱ्यावर नव्हता. दोन दृश्यांच्या सांध्यात तो प्रेक्षकाने स्वतः भरला होता. वर्गात आम्ही हसलो. इतक्या सोप्या युक्तीने लोक फसत असतील, तर ते लोक आपल्यासारखे शिकलेले नसणार, असे मला वाटले.

तिसऱ्या आठवड्यात डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा १९१५ सालचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट दाखविला गेला. थॉमस डिक्सन यांच्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीवर आधारलेला हा सुमारे तीन तासांचा चित्रपट. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर दक्षिणेतील गुलामगिरीतून मुक्त झालेल्या काळ्या माणसांना मताधिकार मिळाला, तो काळ त्यात रंगविलेला आहे आणि त्या माणसांवर दहशत बसविणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेला त्यात तारणहार ठरविले आहे. प्रमुख काळी पात्रे गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून रंगविली आहेत.

त्यातील एक दृश्य पाहण्यासारखे आहे. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळात काळे सदस्य बहुसंख्य आहेत. हे सभागृह छायाचित्रावरून केलेली ऐतिहासिक प्रतिकृती आहे, असे पडद्यावरील अक्षरपाटी आधीच सांगते. मग आपल्याला दिसतात ते मद्य पिणारे, खात बसलेले, मेजावर अनवाणी पाय टाकलेले सदस्य. सभागृह छायाचित्रावरून घेतले आणि वर्तन पूर्वग्रहातून. खुर्च्यामेजांच्या खरेपणाची साक्ष काढून माणसांविषयीचे खोटे पटविले गेले. पुढे कोणी मजकडे 'पुरावा म्हणून' एखादी चित्रफीत पाठविली की मला हे सभागृह आठवते. त्यातील नेमके काय खरे आहे, खुर्च्या की माणसे, हे विचारावेसे वाटते.

आणि मग तो शेवट आला. एका झोपडीत एक गोरे कुटुंब वेढले गेले आहे. दुसरीकडे एक तरुणी बंद खोलीत अडकली आहे. तिसरीकडे पांढरे झगे घातलेले क्लॅनचे घोडेस्वार धावत सुटले आहेत. झोपडी, खोली, घोडे. पुन्हा झोपडी, खोली, घोडे. संगीत चढत जाते. दार आता मोडणार, असे वाटते.

चित्रपट संपल्यावर प्राध्यापिकेने चर्चा सुरू केली नाही. तिने कागद वाटले आणि सांगितले, "शेवटच्या काही मिनिटांत तुम्हांला काय व्हावेसे वाटत होते, ते लिहा. काय वाटायला हवे होते, ते लिहू नका." मी लिहिले, "मला संताप आला." ते अर्धेच खरे होते. माझ्या शेजारच्या काळ्या वर्गमित्राने आपला कागद स्वतःहून वाचून दाखविला. "ते घोडेस्वार वेळेवर पोहोचावेत, असे मला वाटत होते. ते माझ्या पणजोबांच्या दारात आले असते, हे माहीत असूनही."

वर्गात कोणी बोलले नाही. मी माझा कागद घडी घालून खिशात ठेवला. ज्याच्या आजोबांना वेशीबाहेर राहावे लागले, त्या माझ्याही छातीत त्या घोड्यांच्या टापा वाजल्या होत्या, हे मान्य करायला मला पुढे कित्येक महिने लागले.

हे कसे घडते? ग्रिफिथ प्रेक्षकाशी वाद घालतच नाहीत. ते फक्त त्याच्या मनातील प्रश्न बदलतात. 'हे घोडेस्वार कोण आहेत?' हा प्रश्न बाजूला पडतो आणि त्या जागी 'हे वेळेवर पोहोचतील ना?' हा प्रश्न येतो. एकदा का हा दुसरा प्रश्न मनात बसला, की आपण कोणाच्या बाजूने आहोत हे ठरून गेलेले असते आणि ते ठरविताना आपले मत कोणी विचारलेले नसते. या चित्रपटाच्या अखेरीस पुढची निवडणूक येते. काळे मतदार घराबाहेर पडतात, समोर सशस्त्र घोडेस्वार उभे असतात आणि ते मुकाट्याने आत परततात. माणसांचा मताधिकार हिरावून घेतला जात आहे आणि पडद्यावर तो सुखान्त आहे.

या सुखान्ताचे परिणाम पडद्याबाहेर झाले. नोव्हेंबर १९१५मध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटन या डोंगरावर विल्यम सिमन्स याने काही साथीदारांसह क्लॅनची पुन्हा स्थापना केली. अटलांटा शहरात हा चित्रपट लवकरच लागणार होता. त्या रात्री तेथे क्रूस पेटविला गेला. मूळच्या क्लॅनमध्ये क्रूस पेटविण्याची रीतच नव्हती. ती डिक्सन यांच्या कादंबरीतून आली, पडद्यावर चढली आणि तेथून डोंगरावर पोहोचली. १९२०च्या दशकात या नव्या क्लॅनची सभासदसंख्या लाखोंच्या घरात गेली.

विरोध झाला नाही असे नव्हे. १९०९मध्ये स्थापन झालेल्या 'एनएएसीपी' या संस्थेने शहरोशहरी निषेध केला. बॉस्टनमध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर या काळ्या संपादकाला एप्रिल १९१५मध्ये नाट्यगृहातच अटक झाली. न्यूयॉर्कमध्ये हा चित्रपट ३ मार्च १९१५ रोजी बेचाळिसाव्या रस्त्यावरील लिबर्टी थिएटरात लागला. त्या वेळी त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात, आपले बाबासाहेब विद्यार्थी होते. त्यांनी तो पाहिला की नाही, हा माझा मुद्दा नाही. ज्या शहरात एका समाजाविषयीचे असत्य तिकीट लावून विकले जात होते आणि डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या 'द क्रायसिस' या नियतकालिकातून त्याचा प्रतिवाद छापला जात होता, त्या शहरात ते शिकत होते, एवढेच मला नोंदवायचे आहे.

निषेधाने चित्रपट थांबला नाही. त्याला उत्तर द्यायचे तर पडद्यावरच द्यावे लागणार होते आणि ते देणाऱ्यांत ऑस्कर मिशो हे नाव ठळक आहे. १८८४मध्ये जन्मलेला हा काळा माणूस रेल्वेच्या डब्यात हमाली-चाकरी करून, मग साउथ डकोटात शेती करून, स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकून चित्रपटाकडे आला. त्याचा 'विदिन अवर गेट्स' हा चित्रपट १२ जानेवारी १९२० रोजी शिकागोत प्रथम दाखविला गेला. आदल्याच उन्हाळ्यात तेथे वांशिक दंगल झालेली होती; त्या भीतीने परीक्षण मंडळाने आधी परवानगी नाकारली होती.

त्यात जॅस्पर लँड्री नावाचा कूळ शेतकरी आहे. सिल्व्हिया ही त्याची मानलेली मुलगी शिकलेली आहे आणि ती घरचा हिशेब लिहून ठेवते. हिशेबाची वही घेऊन लँड्री जमीनदाराकडे जातो. तेथे खिडकीतून तिसराच, एक गोरा माणूस गोळी झाडतो आणि जमीनदार मरतो. आळ लँड्रीवर येतो. गोऱ्यांचे वृत्तपत्र दारू पिऊन खून करणाऱ्या लँड्रीची बातमी देते आणि मिशो ती बातमीही पडद्यावर साकारतात. म्हणजे घडलेली घटना आणि छापलेली घटना, दोन्ही आपल्यासमोर आहेत. पुढे जमाव त्या कुटुंबाला फासावर लटकवितो आणि त्याच वेळी एक गोरा पुरुष सिल्व्हियावर हात टाकतो. ती जिवाच्या आकांताने झुंजते. मिशो या दोन दृश्यांचे तुकडे आलटूनपालटून दाखवितात. कात्री ग्रिफिथ यांचीच आहे. पण या खेपेस धावून येणारा कोणी घोडेस्वार नाही आणि संकट कोणाकडून आहे, हे प्रेक्षकाला लख्ख दिसते.

हा चित्रपट कित्येक दशके हरवलेला होता. १९७०च्या दशकात त्याची एक प्रत स्पेनमधील चित्रपट संग्रहालयात 'ला नेग्रा' या नावाने सापडली. तिच्यातील अक्षरपाट्या स्पॅनिशमधून पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या. एका समाजाने स्वतःची बाजू स्वतःच्या भाषेत मांडली होती आणि ती आपल्यापर्यंत परक्या भाषेच्या वाटेने परत आली. 'बर्थ ऑफ अ नेशन' मात्र कधीच हरविला नाही.

शिकागोतील त्या खेळानंतर एकोणीस दिवसांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण दोहोंमागची गरज एकच आहे. बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, हे बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात स्पष्टपणे मांडले होते. दुसऱ्याच्या हातातील कात्री आपली गोष्ट कशी कापते, हे ज्याने सोसले आहे, त्याला स्वतःचे साधन हवेच असते.

इथवर लिहिताना मी स्वतःला मिशोंच्या रांगेत उभे करीत होतो. आजींचा प्रश्न मला तेथे उभे राहू देत नाही.

जेवणाच्या त्या रांगेत त्या पुढे म्हणाल्या होत्या, "माझी माय घागर घेऊन दिवस मावळेपर्यंत विहिरीवरच बसून राहिली होती. पाणी नाही भेटलं. पण उठली नाही. ते मी सांगितलं होतं न तुले? ते कुठं गेलं?"

ते माझ्या संगणकात होते. घरी जाऊन मी मूळ चित्रण उघडले. आजी सलग चार मिनिटे बोलत होत्या. माय कशी बसली, येणारे-जाणारे काय म्हणाले, कंटाळून कोण आधी निघून गेले, हे सारे सांगताना त्या हसत होत्या. ते चित्रण लांबते आहे आणि हसणे त्या विषयाला शोभत नाही, असे ठरवून मी ते कापले होते. एका बाईचा दिवसभराचा सत्याग्रह मी काढून टाकला आणि त्याच्या जागी मोतीबिंदूचे पाणी ठेवले. सभागृहाला दया आली. पण आजींनी दया मागितली नव्हती. त्यांना आपल्या आईची गोष्ट सांगायची होती.

आपला हेतू चांगला आहे, म्हणून आपली कात्री निर्दोष ठरत नाही. उलट हेतूवर विश्वास असला की आपण सांध्याकडे पाहायचे सोडून देतो. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. कोणाचेही चित्रण जोडले की अंतिम प्रत आधी त्यालाच दाखवायची आणि विचारायचे, "हे असेच झाले होते ना?" मुलांबरोबर एखादी चित्रफीत पाहताना आवाज बंद करून ती पुन्हा पाहतो. संगीत गेले की सांधे दिसू लागतात. माझा नऊ वर्षांचा मुलगा ते आता माझ्याआधी ओळखतो.

लघुपट नव्याने जोडून झाला आहे. तो आता साडेनऊ मिनिटांचा आहे आणि येत्या जयंतीला दाखविला जाईल. आजींनी तो पाहिला आहे. त्यात त्या हसतात. पाहून झाल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, "हो. अशीच बसली होती माय."

जय भीम.