वीज आहे, पण कोणत्या वेळी?

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची पारेषण वाहिनी कार्यान्वित झाली आणि तोवर स्वतंत्र तालावर चालणारे दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एका वारंवारतेने बांधले गेले. त्यापूर्वी दक्षिणेशी विजेची देवाणघेवाण चाले ती चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या रूपांतर केंद्रांच्या द्वारे. शेजार होता, पण चूल एक नव्हती. ती सोलापुरात एक झाली. चादरीची किंवा गड्ड्याच्या यात्रेची ख्याती जशी दूरवर जाते तशी उच्चदाबाच्या तारांची जात नाही, म्हणून ही गोष्ट सोलापूरकरांनाही फारशी ठाऊक नसते.

एक चूल झाली की एकाच्या उधळपट्टीचा चटका सर्वांना बसतो. विजेचा धर्मच असा, की ती ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. तोल ढळला की पन्नास हर्ट्झची वारंवारता हलते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारत अंधारात बुडाला तेव्हा काही वाहिन्यांवर पेलवेना इतका भार आला होता आणि वाट्यापेक्षा अधिक वीज ओढली जात होती. तो काळ तुटवड्याचा होता. आजचे दुखणे निराळे आहे. देशाच्या स्थापित वीजक्षमतेत कोळशाव्यतिरिक्तच्या स्वच्छ स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचल्याचे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. परिणामी भर दुपारी वीज उतू जाते, आणि दिवेलागणीला, घरोघरी पंखे व दिवे सुरू होतात नेमक्या त्या वेळी, सूर्य रजा घेतो.

ही दरी भरून काढण्याचे काम कोणाकडे येते? दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राकडे पाहावे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तेथील दोन संच एका गतीने अखंड चालावेत अशा बेताने घडवलेले. आता औष्णिक संचांनी दुपारी ५५ टक्क्यांपर्यंत खाली यावे आणि सायंकाळी झपाट्याने वर चढावे, अशी अपेक्षा आहे. पुढे ती ४० टक्क्यांपर्यंत जाणार आहे. अशा चढउतारांनी बाष्पकाचे नळ शिणतात आणि प्रत्येक युनिटमागे कोळसा अधिक जळतो. स्वच्छ विजेच्या हिशेबात हा खर्च सहसा धरला जात नाही.

२८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी अंधारले, तेव्हा अनेकांनी सौरऊर्जेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तपासात पुढे आले ते विद्युतदाब आवरण्याच्या व्यवस्थेचे अपुरेपण. दोष सूर्याचा नव्हता. पाहुणा येणार हे ठाऊक असूनही घर आवरले गेले नव्हते.

आपल्याकडे घर आवरण्याचा एक मार्ग शेतातून जातो. वर्षानुवर्षे जाळ्याचा भार हलका ठेवण्यासाठी शेतकऱ्याला आळीपाळीने रात्रीची वीज दिली गेली. साप-विंचवाच्या भयात त्याने बॅटरीच्या उजेडात पाण्याची बारी धरली. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ पासून विस्तारलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हा क्रम उलटवू पाहते. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्या भागातील शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची. शेतकऱ्याची झोप आणि जाळ्याची सोय एकाच दिशेला आहेत, असा हा दुर्मीळ योग. मात्र उसाच्या या अवर्षणप्रवण जिल्ह्यात दिवसाची हमखास वीज भूजलावर नवा ताण आणणार नाही, असे कोण म्हणेल? योजनेच्या पुरस्कर्त्यांनी या प्रश्नाला बगल देऊ नये.

दुसरा मार्ग साठवणुकीचा. दुपारच्या विजेने पाणी वर चढवावे आणि सायंकाळी ते खाली सोडून वीज घ्यावी, ही कल्पना नवी नाही. उजनीचा उलटसुलट फिरणारा १२ मेगावॅटचा संच याच तत्त्वाचा आणि घाटघरचे २५० मेगावॅटचे केंद्रही. गरजेच्या मानाने हे फारच थोडे. १९६० मेगावॅटच्या कोयनेकडे सर्वांची नजर जाते, पण तिच्या पश्चिमेकडे वळणाऱ्या पाण्याला कृष्णा लवादाने मर्यादा घातली आहे. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत. त्या येतील आणि आल्या पाहिजेत.

राहिला दराचा मार्ग: दुपारी वीज स्वस्त, सायंकाळनंतर महाग. तत्त्वतः हे रास्तच आहे, आणि राज्याच्या दररचनेचा ओघही तिकडेच आहे. पण यंत्रमागाच्या गावात त्याचा अर्थ काय होईल? मालक माग दिवसा चालवील आणि रात्रपाळी आखडती घेईल. टॉवेल तेवढेच विणले जातील, की रात्रीच्या कामगाराची अर्धी मजुरी जाईल? दराच्या सुनावणीत यंत्रमागधारक आपले गाऱ्हाणे मांडतात, ग्राहक संघटना मांडतात. रात्रपाळीचा कामगार त्या वेळी झोपलेला असतो. आयोगाने पुढील सुनावणीपूर्वी त्याच्या वस्तीत, त्याच्या सवडीच्या वेळी एक बैठक घेण्यास हरकत नसावी.